गुडघ्याची फाइल : परिच्छेद सात कोरा

विषय : कु. सलोनीच्या उजव्या गुडघ्याची वाटी सरकणे, आणि त्या अनुषंगाने दोन्ही पाय.

१. ऑफिसात माझं काम संशय घेण्याचं आहे. दिल्लीतल्या एका मंत्रालयाच्या दक्षता शाखेत मी सेक्शन ऑफिसर आहे. लोकांच्या अर्जांत, तारखांत, सह्यांत जे जुळत नाही ते शोधायचं आणि हिरव्या कागदावर क्रमांक टाकून लिहायचं. एकवीस वर्षांत हाताला तीच सवय लागली, म्हणून मुलीच्या गुडघ्याचीही फाइल उघडली. फाइल मराठीत आहे, कारण शाखेत मराठी कोणाला येत नाही. ती मयूर विहारच्या घरात जेवणाच्या टेबलावर असते. कोणी तीत लिहू नये.

*(पेन्सिलीने, सलोनी : मग टेबलावर का ठेवता?)*

२. घटना. रविवार, १३ एप्रिल २०२५. कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात महाराष्ट्र दिनाच्या लेझीमचा सराव चालू होता. बसून वळायचा ठेका आला. सलोनी वळली, मांडी वळली, पाऊल मात्र जमिनीला चिकटून राहिलं. मी समोर खुर्चीत होतो. गुडघ्याच्या जागी खड्डा दिसला आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला एक उंचवटा. ती ओरडली नाही. खाली बघून म्हणाली, "बाबा, हे माझं नाहीये."

कोणीतरी पाय सरळ केला तशी वाटी टक्कन जागेवर आली. गुडघा नारळाएवढा सुजला. हेच गेल्या वर्षी शाळेच्या जिन्यातही झालं होतं, हे मला टॅक्सीत कळलं.

*(लाल पेनाने, सलोनीची आई उत्तरा : तुम्हाला तेव्हाच सांगितलं असतं तर शाळेला नोटीस गेली असती. म्हणून नाही सांगितलं.)*

३. २२ एप्रिल. गुरुग्राम. दवाखाना काचेचा, अकरा मजली. डॉ. अलकनंदा नेगी, लहान मुलांच्या हाडांच्या सर्जन, पन्नाशीच्या, पायात कापडी बूट. त्यांनी सलोनीला भिंतीशी उभं केलं. गुडघे एकमेकांना टेकले, घोटे दूर राहिले. मधलं अंतर त्यांनी पट्टीने मोजलं, नऊ सेंटिमीटर.

"पाँव ऐसे कब से हैं?"

"वाढता वाढता झाले," उत्तरा म्हणाली. "आम्हाला वाटलं, चालण्याची ढब आहे."

डॉक्टरांनी कागदावर पाय काढून दाखवले. त्यांचं हिंदीतलं म्हणणं माझ्या शब्दांत : वाटी मांडीच्या स्नायूच्या ओढीवर चालते. पाय असे आत वाकलेले असले की ती ओढ तिरकी पडते आणि प्रत्येक पावलाला वाटी बाहेर खेचली जाते. आतल्या बाजूने तिला धरून ठेवणारा पट्टा आता फाटला आहे. मांडीमागच्या स्नायूची एक दोरी घेऊन तो नवा करता येईल. पण पाय तिरकेच राहिले तर नवा पट्टाही फाटेल. म्हणून पायही सरळ करायला हवेत.

"गुडघ्याच्या वर, आतल्या बाजूला, जिथून हाड वाढतं तिथे एवढीशी धातूची पट्टी बसवायची. दोन स्क्रू." त्यांनी करंगळीचं पेर दाखवलं. "आतली बाजू थांबेल, बाहेरची वाढत राहील. पाय स्वतःच सरळ होतो. मग पट्टी काढून टाकायची. हाड कापावं लागत नाही. बस एक शर्त है, हड्डी बढ़ रही होनी चाहिए."

"आणि वाढ संपली तर?" मी विचारलं.

"तर हाड कापून सरळ करायचं. तेही होतं. पण मग बरेच महिने कुबड्या, आणि नेमकं दहावी-बारावीचं वय."

सलोनी मोबाइलमध्ये बघत होती. ऐकत होती.

४. माझ्या शंका. वाटी उजव्या पायाची सरकली, मग पट्ट्या दोन्ही पायांना का? डॉक्टरांच्या पेनावर एका औषध कंपनीचं नाव आहे. एक्स-रेवर वेळ ११.४२ छापली आहे, ११.४२ ला आम्ही तिघं खाली कँटीनमध्ये इडली खात होतो, मग हा पाय कोणाचा? डॉक्टर नेगी आणि फिजिओथेरपिस्टही नेगी.

*(पेन्सिल : बाबा, गढवालमध्ये सगळेच नेगी असतात यार. माझ्या वर्गात तीन आहेत. आणि दोन्ही पाय वाकडे आहेत, हे मला आरशात दिसतं.)*

एक्स-रेच्या वेळेबद्दल मी खाली जाऊन विचारलं. तंत्रज्ञ जांभई देत म्हणाला, "मशीन की घड़ी एक घंटा पीछे है सर, सबको पता है." शंका निकाली. पण ज्याचं घड्याळ चुकीचं ते यंत्र बरोबर, हे मी कशावरून धरायचं?

५. त्याच दिवशी हाताचाही फोटो काढला. डाव्या हाताचा. मी म्हणालो, "दुखतोय गुडघा आणि फोटो हाताचा?"

"हाताच्या छोट्या हाडांवरून हाडांचं वय कळतं. वाढ किती उरली ते कळतं."

फोटो आला. डॉक्टरांनी तो पडद्यावर लावला, एका जाड पुस्तकातल्या चित्रांशी ताडून पाहिला. मग सलोनीचं सरकारी आरोग्य कार्ड हातात घेतलं. मग माझ्याकडे बघितलं. दक्षता शाखेत मी लोकांकडे जसा बघतो तसंच.

"कार्ड साढ़े ग्यारह कहता है. हाथ साढ़े तेरह कह रहा है."

"म्हणजे मशीन—"

"थोडा फरक चालतो. दोन वर्षं म्हणजे कारण शोधावं लागेल. हॉर्मोन, रक्त, कदाचित डोक्याचा स्कॅन. कार्ड खरं असेल तर तीनेक वर्षं हातात आहेत. हात खरा असेल तर जेमतेम एक. जब तक कारण नहीं मिलता, मैं प्लेट नहीं डालूँगी." थांबून त्यांनी विचारलं, "जन्मतारीख तो पक्की है ना?"

"सरकारी कार्ड आहे, मॅडम."

खोटं बोललो नाही. कार्ड सरकारीच आहे.

६. दुसरं मत. २ मे. एक मोठं सरकारी रुग्णालय, रांग पहाटेपासून. वेगळं यंत्र, वेगळा डॉक्टर, घाईत. तो फोटो उजेडाकडे धरून म्हणाला, "तेरह, साढ़े तेरह." कार्डाकडे बघून खांदे उडवले आणि तोच कागद लिहून दिला, हॉर्मोनवाल्यांना दाखवा.

दोन ठिकाणी एकच आकडा येतो तेव्हा संगनमताची शक्यता तपासावी, असं आमच्याकडे म्हणतात.

*(लाल पेन : हाडांनीही संगनमत केलंय का हो?)*

७.

८. ९ मे. उत्तराने शिरा केला.

*(पेन्सिल : दर वर्षी ९ मेला शिरा का असतो? ना सण, ना काही.)*

*(लाल पेन : सहज.)*

*(पेन्सिल : आणि बाबांचा नं. ७ रिकामा का आहे?)*

उत्तर : तो परिच्छेद जन्मतारखेचा आहे. माहिती कार्डावर उपलब्ध असल्याने वेगळी लिहिली नाही.

९. (हा आणि अकरावा परिच्छेद वेगळ्या कागदांवर लिहून ऑफिसच्या बॅगेत ठेवले होते, फाइलला नंतर जोडले.) त्याच संध्याकाळी, स्वयंपाकघर. सलोनी आत पाय उशीवर ठेवून पडली होती. उत्तराने कुकरची शिट्टी होऊ दिली, आवाज झाकायला.

"नेगी मॅडमना सांगून टाका."

"काय सांगू?"

"की मी तिला मेच्या उन्हात जन्म दिला, ऑक्टोबरात नाही. आणि कोणत्या मेच्या, तेही."

"हळू."

"तुम्ही स्वतः लबाडी करून दुसऱ्याच्या मशीनवर शंका घेता? हात बघितलात ना? हाताने तुम्हाला पकडलं."

"कागद एकदा बदलला की त्याच्यामागचे सगळे उघडतात. शाळा, आधार, आरोग्य कार्ड. त्यावर माझी सही आहे. मी दक्षतेत आहे, उत्तरा. माझ्याच टेबलावरून माझी फाइल जाईल."

"आणि तिचं वर्ष जातंय त्याचं?"

"तुझीही सही आहे," मी म्हणालो.

हे बोलायला नको होतं, पण खरं होतं. दुसरी शिट्टी झाली. ती म्हणाली, "म्हणूनच तर मी त्या बाईसमोर तोंड उघडलं नाही. नाहीतर तुमची वाट बघत बसले असते का?"

१०. १६ मे. हॉर्मोनचे डॉक्टर. रक्त सहा नळ्या. उत्तराला बाजूला घेऊन काही प्रश्न विचारले. आठवड्याने निकाल, सगळं नॉर्मल.

"सब नॉर्मल है तो हड्डी आगे क्यों है?" डॉक्टर स्वतःलाच विचारत होते. त्यांना खरंच कोडं पडलं होतं. तरुण माणूस, प्रामाणिक चेहरा. मी त्यांच्या टेबलावरची धूळ बघत बसलो. त्यांनी डोक्याचा एमआरआय लिहिला. तारीख ३ जूनची मिळाली.

परतताना मेट्रोत सलोनीला बसायला जागा मिळाली. समोर तिच्या वर्गातली एक मुलगी आईबरोबर उभी होती. सलोनीच्या खांद्याला लागेल एवढी. ती हसून म्हणाली, "अरे खंबा, तू छुट्टियों में भी लंगड़ा रही है?"

"खंबा?" मी नंतर विचारलं.

"पहिलीपासून, बाबा. सगळ्यात उंच ना मी. शेवटचा बाक, फोटोत मागची रांग, डान्समध्ये मुलगा." ती खिडकीतून यमुनेकडे बघत होती. "मला वाटायचं, मी मराठी आहे म्हणून उंच. मग सदनात सगळ्या मराठी मुली बघितल्या. तर तसं काही नाहीये."

११. ३ जून. स्कॅन. तिला त्या नळीत सरकवलं. पस्तीस मिनिटं. बाहेर मी माझ्या ऑफिसच्या बॅगेवर बोटं वाजवत होतो. मला माहीत होतं, तिच्या डोक्यात काही नाही. त्या इमारतीत हे ठाऊक असलेली माणसं दोनच, आणि दोघंही गप्प बसून होती. तिच्या डोक्यात काही नाही हे ज्याला ठाऊक आहे, तोच तिचं डोकं तपासायला घेऊन आला.

हे वाक्य शाखेत कोणाच्या फाइलमध्ये सापडलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं.

१२. ५ जून. संध्याकाळी घरी आलो तेव्हा फाइलला एक फोटो टाचणीने लावलेला होता. खाली सलोनीचं अक्षर. तिने माझी पद्धत उचलली होती.

*(पेन्सिल : सोबत जोडलेला फोटो कृपया पाहावा. आईच्या कपाटात मिळाला. सुजयमामाचं लग्न. मागच्या बोर्डवर तारीख आहे, १७ फेब्रुवारी २०१३. आईच्या मांडीवर एक बाळ बसलंय, दोन दात आहेत. माझा जन्म ऑक्टोबर २०१३. म्हणजे मी जन्माला यायला अजून आठ महिने आहेत.*

*मग हे बाळ कोण?*

*मी असेन तर मी कधीची आहे? आणि मी नसेन तर ती कुठे गेली?*

*आई काही सांगत नाही, रडते. म्हणून विचारते. उत्तर लिहून द्यावे, कारण तुम्ही बोलताना काहीही बोलता.)*

उत्तरा खोलीचं दार लावून बसली होती. सलोनी बाल्कनीत, पाठमोरी, पाय रेलिंगच्या गजात अडकवून. मी पेन काढलं. पुढचा क्रमांक तेरा होता. मी पानं मागे उलटली.

७. सलोनीचा जन्म ९ मे २०१२, बुधवार, दुपारी अडीच वाजता. आजोळी, तिथल्या एका नर्सबाईंच्या घरी. फोटोतलं बाळ तूच आहेस. दुसरी कोणी नव्हती.

नोंद करायची राहून गेली होती. दीड वर्षाने सुजयमामाने मला ऑफिसात फोन केला, आज उशिराची नोंद करून घेतोय, तारीख सांगा. मी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं.

मी दिल्लीत आलो ते यूपीएससीसाठी. तीनदा बसलो. चौथा प्रयत्न शिल्लक होता, वय नव्हतं. एक ऑगस्टला तिशी पूर्ण झालेली चालत नसे, आणि माझी एकोणीस दिवस आधी झाली होती. एकोणीस दिवस. त्या वर्षी माझ्या खोलीतला सोबती पास झाला, त्याला मी शिकवायचो. फोनवर मामा "हॅलो, हॅलो" करत होता आणि मला फक्त ते एकोणीस दिवस दिसत होते. तुझा जन्म ऑगस्टच्या पुढे गेला तर तुला एक प्रयत्न जास्त मिळेल, असा हिशेब मी केला. एक पुरला असता. मी दोन घेतले. सतरा महिने.

तेव्हा तुझं हाड कोणी बघेल असं वाटलं नव्हतं.

तुला खंबा म्हणतात ते माझ्यामुळे. तू उंच नाहीस. तू तुझ्या वर्गापेक्षा मोठी आहेस. हॉर्मोनच्या डॉक्टरांना कारण सापडत नाही, कारण ते माझ्याकडे आहे. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. सहा आठवडे झाले.

फाइल बाल्कनीत नेऊन दिली. मग मी तुळशीला पाणी घातलं, मनी प्लांटला घातलं, पुन्हा तुळशीला घातलं. ती वाचत होती. दोनदा वाचलं. मग पेन्सिल काढली.

*(पेन्सिल : म्हणजे मला ट्यूमर नाहीये?)*

मी तिच्याशेजारी खाली बसलो.

"कोणी सांगितलं तुला ट्यूमर?"

"गुगलवर आहे. हाडांचं वय पुढे असेल तर डोक्यात ट्यूमर असू शकतो. एप्रिलपासून रोज वाचतेय." तिचा आवाज साधा होता. "तुम्हाला बिल्कुल टेन्शन दिसत नव्हतं, म्हणून मला वाटलं, तुम्ही लपवताय. म्हणजे लपवतच होतात."

आतलं दार उघडल्याचा आवाज आला. उत्तरा उंबऱ्यात येऊन थांबली.

"मी आठवीत असायला हवी होते," सलोनी म्हणाली.

"हो."

"आणि यूपीएससी मला द्यायचीच नसेल तर?"

इतक्या वर्षांत हा मुद्दा माझ्या टिपणीत एकदाही आलेला नव्हता.

"अजून काय आहे?" तिने विचारलं.

"काही नाही. एवढंच."

"नक्की?" तिने आईकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. "तुमचं नावतरी जयदीपच आहे ना?"

उत्तराला हसू फुटलं आणि लगेच ती रडायला लागली.

१३. १० जून. गुरुग्राम. सलोनीसमोरच सांगितलं. डॉ. नेगींनी मध्ये तोडलं नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी स्कॅनचा रिपोर्ट पाकिटात परत सरकवला.

"सर, मेरे पास हर महीने एक-दो ऐसे काग़ज़ आते हैं. कोणी शाळेसाठी, कोणी खेळासाठी. मी तुम्हाला विचारलं होतं. सरळ विचारलं होतं."

"हो."

"मला तारखेचं काही नव्हतं. मला एवढंच हवं होतं की ती आजारी नाही." त्यांनी सलोनीचा पाय हातात घेतला, गुडघा हलकेच वाकवला, वाटीवर अंगठा ठेवला. सलोनीने दचकून त्यांचा हात धरला. "वाढ आता दहाएक महिने उरली असेल. पट्ट्या लगेच बसवू, उजव्या गुडघ्याचा पट्टाही त्याच वेळी. पाय पूर्ण सरळ होतील असं एप्रिलमध्ये म्हणाले असते. आज म्हणते, बरेचसे. उरलेलं कदाचित पुढे कापून करावं लागेल. कदाचित नाही."

"आणि कार्डावरची तारीख?" मी विचारलं.

"वो आप जानें. मी हाडावर ऑपरेशन करते."

बाहेर लिफ्टपाशी मी सलोनीला म्हणालो, "तारीख दुरुस्त करायचा अर्ज करता येतो. दहावीच्या आधी. माझ्यावर चौकशी होईल, होऊ दे. तू सांग."

ती कुबडीवर रेलून लिफ्टचे आकडे बघत होती. "विचार करून सांगते," ती म्हणाली. "मला घाई नाहीये. मला दोन चान्स जास्त आहेत ना."

१४. २४ जून. सकाळी साडेसात. शस्त्रक्रिया विभागाच्या दारापर्यंत एका पालकाला जाता येतं. उत्तरा म्हणाली, तुम्ही जा.

सलोनी गाडीवर, हिरव्या टोपीत. डॉ. नेगींनी दोन्ही मांड्यांवर जांभळ्या पेनाने बाण काढून ठेवले होते. दारात एक नर्स आली, केरळी असावी, हातात तक्ता. आत नेण्याआधी रुग्णाने स्वतः सांगायचं आणि त्यांनी मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघायचं, असा नियम आहे. चांगला नियम आहे. मी केला असता तर असाच केला असता.

"बेटा, पूरा नाम?"

तिने सांगितलं.

"कौन-सा पाँव?"

"दोनों. राइट में दो काम."

"डेट ऑफ बर्थ?"

मनगटावरच्या पट्टीवर कार्डावरची तारीख होती. फॉर्मवर होती. माझ्या सहीच्या वर होती. सलोनीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी काही खुणावलं नाही. खुणावायला काय उरलं होतं?

तिने माझ्यावरची नजर न हलवता नर्सला सांगितलं, "नौ अक्टूबर, दो हज़ार तेरह."

अडखळली नाही. पापणी हलली नाही. इतक्या सफाईने खोटी तारीख सांगणारा माणूस शाखेत माझ्यासमोर बसला असता, तर मी टिपणीत लिहिलं असतं : यास सवय असावी, पूर्वीपासूनचे तपासावे.

नर्सने तक्त्यावर बरोबरची खूण केली. गाडी आत गेली. दाराच्या फटीतून ते जांभळे बाण क्षणभर दिसले.

*(पेन्सिल, तीन आठवड्यांनी : वाचलं. सवय नाही, पहिलीच वेळ होती. दुसरी तारीख सांगितली असती तर आत घेतलं नसतं. दोन्ही पाय सुजलेत, पण वाटी जागेवर आहे. नं. १५ मी लिहिणार. कोरा ठेवा.)*

१५.